लेव्हिनचं वाचनालय आणि आपली हिशोबवही



गेल्या महिन्यात आमच्या महासंघाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि चहा दोनदा झाला तरी संपला नाही. गटांचा हिशोब कॉम्प्युटरवर ठेवायचा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सरकारी ॲपवर जी माहिती भरावी लागते ती आपण भरतोच. आम्ही म्हणतोय ते आपल्या घरच्या वहीबद्दल. बचत किती, अंतर्गत कर्ज कुणाला, हप्ता कुणाचा थकला, दंड कुणी भरला, ही ती वही. ती कोणत्या सॉफ्टवेअरवर ठेवायची, यावर गाडी अडली.

एका बाजूला शहरातल्या कंपनीचं तयार ॲप. दिसायला सुरेख, पहिलं वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षापासून दर गटामागे पैसे. दुसऱ्या बाजूला ज्याला ओपन सोर्स म्हणतात ते. त्याच्या परवान्याला पैसे नाहीत, पण बसवून देणारा आणि शिकवणारा माणूस आपणच शोधायचा. अध्यक्षताई म्हणाल्या, "फुकट ते फुकटच, त्यात काय बघायचं?" खजिनदार मावशी म्हणाल्या, "दोघंही फुकट म्हणतायत. मग पैसे घेणार कोण, ते आधी सांगा."

मावशी असं का म्हणाल्या, त्याला कारण आहे. आमचं तोंड दुधानं एकदा पोळलंय. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसानं हिशोबाचं सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं. चार वर्षं सगळं नीट चाललं. मग त्यानं तो धंदाच सोडला. पुढं आमचा कॉम्प्युटर बिघडला, नवा घेतला, तर त्यावर सॉफ्टवेअर चालू करायला एक क्रमांक लागतो आणि तो देणारं कुणी उरलेलंच नव्हतं. आमचा हिशोब पेनड्राइव्हवर आहे. फाइल दिसते, उघडत नाही. बँकेनं कर्जासाठी मागच्या परतफेडीचा तपशील मागितला तेव्हा तीन महिने आम्ही बायकांच्या पासबुकांवरून सगळं परत लिहून काढलं. एका मैत्रिणीनं शेवटचा हप्ता भरला होता की नाही, हे काही शेवटपर्यंत कळलं नाही. तिचं पासबुक पावसात भिजलं होतं. ती म्हणते भरला, सचिव म्हणते नाही. दोघी एका गल्लीत राहतात आणि आजही एकमेकींशी बोलत नाहीत.

म्हणून आज आम्ही तुम्हाला एका वाचनालयाची गोष्ट सांगणार आहोत. ती लांबची आहे, न्यूझीलंड देशातली, पण अडचण ओळखीची वाटेल.

न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या बेटावर होरोव्हेनुआ नावाचा जिल्हा आहे. जिल्हा म्हटलं तरी २००० सालच्या सुमारास लोकवस्ती साधारण तीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. लेव्हिन हे त्यातलं मुख्य शहर. तिथं आणि आसपासच्या लहान गावांत सार्वजनिक वाचनालयं आहेत आणि ती त्या काळी एक ट्रस्ट चालवायचा. १९९९ साली या ट्रस्टपुढं संकट होतं. पुस्तकं कुणी नेली, कधी परत येणार, हे ज्या कॉम्प्युटर प्रणालीवर ठेवलं जायचं ती जुनी झाली होती आणि २००० साल उजाडलं की बंद पडणार होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहायचे. ९९ नंतर ०० आलं की कॉम्प्युटरला ते १९०० वाटणार. सगळ्या जगाला तेव्हा ही धास्ती होती. या वाचनालयांना तर तारखेवरच सगळं काम.

बाजारात नव्या प्रणाली होत्या. त्या कंपन्यांच्या मालकीच्या होत्या आणि महाग होत्या. पण किमतीइतकीच दुसरी एक गोष्ट नडली. ही लहान वाचनालयं मुख्य वाचनालयाला साध्या टेलिफोन लाइननं जोडलेली होती. नव्या प्रणाली त्या लाइनवर चालणाऱ्या नव्हत्या, त्यांना वेगळी भारी लाइन घ्यावी लागली असती आणि तिचं भाडं दर महिन्याला. आपल्याकडं एखादी योजना येते, टॅब मिळतो आणि गावात रेंजच नसते, तसलाच प्रकार.

वाचनालयाच्या प्रमुख रोझाली ब्लेक नावाच्या बाई होत्या. त्यांच्या सोबतीला जोॲन रॅन्सम. या दोघींनी वेलिंग्टनमधल्या कटिपो नावाच्या एका लहान कंपनीशी बोलणं केलं. (कटिपो हे तिथल्या एका कोळ्याचं नाव. इंटरनेटचं जाळं विणणाऱ्यांनी कोळ्याचं नाव घेतलं, आम्हाला गंमत वाटली.) त्या कंपनीच्या प्रमुखही एक बाईच, रेचल हॅमिल्टन-विल्यम्स. तिथं ठरलं ते असं की तयार प्रणाली विकत घ्यायचीच नाही. वेबसाइट जशी ब्राउझरमध्ये उघडते तशी वाचनालयाची प्रणाली नव्यानं लिहायची, म्हणजे ती साध्या फोन लाइनवरही चालेल. त्यासाठी लागणारी खालची सगळी हत्यारं, लिनक्स, मायएसक्यूएल, पर्ल ही नावं तुम्ही ऐकली नसतील, पण ती ओपन सोर्सच होती, विकत घ्यावी लागली नाहीत. लिहिण्याचं मुख्य काम क्रिस कॉर्मॅक या तरुणानं केलं. हातात काही महिनेच होते. जानेवारी २००० मध्ये प्रणाली सुरू झाली आणि वाचनालय चालत राहिलं.

इथपर्यंत ही गोष्ट म्हणजे एका संस्थेनं काटकसर केली, एवढीच. पुढं त्यांनी जे केलं त्यामुळं ती आम्हाला महत्त्वाची वाटते. ट्रस्टनं पैसे मोजून करून घेतलेली ही प्रणाली सगळ्या जगाला खुली केली. आपल्याकडं लोक म्हणतील, स्वतःच्या पैशानं विहीर खणायची आणि गावाला पाणी द्यायचं, हा कसला व्यवहार? पण त्यामागं साधा हिशोब होता. कटिपो लहान कंपनी. उद्या ती बंद झाली तर? प्रणाली एकट्या लेव्हिनची राहिली तर तिची दुरुस्ती एकट्या लेव्हिनला करावी लागणार. दहा जागची वाचनालयं ती वापरायला लागली तर दुरुस्ती करणारे हात वाढणार. म्हणजे देण्यात त्यांनी स्वतःची सोय पाहिली. हे आम्हाला फार पटलं, कारण आपले गटही उपकारावर चालत नाहीत. दहा जणींनी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकली म्हणजे अडीनडीला त्यातल्या एकीला एकदम रक्कम मिळते, हाच आपला पाया.

त्या प्रणालीला त्यांनी नाव दिलं 'कोहा'. न्यूझीलंडच्या मूळ माओरी लोकांच्या भाषेतला हा शब्द. पाहुणा यजमानाकडं जाताना जी भेट नेतो ती कोहा, आणि आज घेणाऱ्यानं उद्या देणारा व्हायचं हे त्यात धरलेलं असतं. शेजारणीनं वाटीतून काही पाठवलं तर आपणही वाटी रिकामी परत करत नाही, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतो. तेच हे.

आता ओपन सोर्स म्हणजे काय ते इथंच सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सॉफ्टवेअर म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. त्या सूचना माणूस लिहितो तेव्हा माणसाला वाचता येतील अशा असतात, त्याला सोर्स म्हणतात. बहुतेक कंपन्या हा मूळ मजकूर आपल्याकडं ठेवतात आणि आपल्याला देतात ती फक्त मशीनला कळणारी बंद प्रत. शिवणक्लासच्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. बाजारातल्या काही रेडिमेड ब्लाऊजना आत माया सोडलेलीच नसते. बसतोय तोवर छान दिसतो, घट्ट झाला की टाकून नवा घ्या. ज्याला माया आहे तो उसवून सैल करता येतो, आणि ते काम ज्यानं शिवला त्याच शिंप्यानं करायला पाहिजे असं नाही. ओपन सोर्समध्ये मूळ मजकूर उघडा असतो. वापरा, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. कोहाला जो परवाना लावला त्याचं नाव जीपीएल. तो रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन माणसानं १९८९ साली आणला. त्यातली मुख्य अट अशी की बदल करून पुढं दुसऱ्याला दिलंत, तर बदललेला मूळ मजकूरही त्याला द्यायचा. म्हणजे वाटीत साखर घालायची सक्ती. पैसे घेऊ नका असं मात्र हा परवाना सांगत नाही. बसवून देण्याचे, शिकवण्याचे, दुरुस्तीचे पैसे घेता येतात आणि लोक घेतात. मावशींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आलं.

तर वाटी फिरत गेली. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अथेन्स काउंटी नावाचा डोंगराळ, ग्रामीण भाग आहे. तिथल्या वाचनालयांनी २००२ च्या सुमारास कोहा घेतलं. त्यांना पुस्तकांच्या नोंदी जगभर चालणाऱ्या ठरलेल्या पद्धतीत हव्या होत्या, ती सोय कोहात नव्हती. त्यांनी पैसे देऊन ती करून घेतली आणि ती सगळ्यांनाच मिळाली, लेव्हिनलासुद्धा. पुढं फ्रान्स, आफ्रिका, भारत असं करत आज कोहा जगभर चालतं. आपल्या देशात कितीतरी कॉलेजांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तेच आहे. तुमची मुलगी कॉलेजातून पुस्तक आणत असेल तर एकदा विचारून बघा, तिच्या कार्डाची नोंद कशात होते.

ही गोष्ट इथंच संपली असती तर गोड झाली असती. पण भांडण आलंच. कोहा चालायला लागल्यावर त्याची सेवा विकणाऱ्या कंपन्या निघाल्या. ते योग्यच. पुढं अमेरिकेतल्या एका कंपनीनं स्वतःची वेगळी आवृत्ती काढली, प्रकल्पाची जुनी वेबसाइट तिच्याच हाती होती, आणि जगभरच्या कार्यकर्त्यांना नवी वेबसाइट उभी करावी लागली. ती कंपनी नंतर दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली आणि त्या दुसरीनं 'कोहा' हे नावच न्यूझीलंडमध्ये आपल्या नावावर नोंदवण्याचा अर्ज पुढं चालवला. म्हणजे ज्या गावानं विहीर खणली, त्याच गावात विहिरीच्या नावाचा सातबारा दुसऱ्याच्या नावे! २०११ मध्ये लेव्हिनच्या ट्रस्टनं जगाकडं मदत मागितली, कारण वकिलाला द्यायला पैसे नव्हते. मदत आली, हरकत नोंदवली गेली आणि पुढं अर्ज फेटाळला गेला. मूळ मजकुराला मात्र या भांडणात कुणी हात लावू शकलं नाही. परवान्यानं तो सगळ्यांचा करून ठेवला होता. नाव, वेबसाइट, पासवर्ड हे मात्र परवान्यात येत नाहीत, ते कुणाच्या हाती आहेत हे वेगळं बघावं लागतं. आमच्याकडं महासंघाच्या ईमेलचा पासवर्ड अजून जुन्या समन्वयकाच्या मोबाइलवर जातो, तेव्हा आम्ही फार बोलू नये.

कुणी म्हणेल, पुस्तकांचं ठीक आहे, पैशांच्या हिशोबाचं काय? त्याचाही इतिहास आहे, थोडक्यात सांगतो. ग्रामीण फाउंडेशन नावाची अमेरिकेतली संस्था आहे. बायकांना लहान कर्ज देणाऱ्या संस्थांना हिशोबासाठी परवडणारं सॉफ्टवेअर मिळत नाही, काम वहीवर नाहीतर एक्सेलवर चालतं, हे पाहून तिनं 'मिफोस' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करून घेतलं. २००६ मध्ये ते बाहेर आलं. सुरुवातीला वापरणाऱ्यांत बंगळूरची ग्रामीण कूटा ही संस्था होती. त्यात बाईचं नाव, तिचा गट, केंद्राची बैठक, हप्ता, असं सगळं गटाच्या रीतीनं मांडलेलं होतं. पण २०११ मध्ये ग्रामीण फाउंडेशननं या कामातून अंग काढून घेतलं. इथं लक्ष द्या. आमच्या त्या ओळखीच्या माणसानं अंग काढलं आणि आमची वही बंद झाली. इथं एवढी मोठी संस्था बाजूला झाली, पण मजकूर उघडा होता. म्हणून काम करणाऱ्यांनी दुसरी संस्था काढून ते पुढं चालवलं, आणि त्यातून निघालेला 'फिनरॅक्ट' हा प्रकल्प २०१७ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. सोपं होतं असं नाही. मधल्या काळात जुनी मांडणी मोडून पुष्कळ नव्यानं लिहावं लागलं, आणि ज्यांच्याकडं कॉम्प्युटर जाणणारं माणूस नव्हतं त्यांची ओढाताण झालीच असणार. तरी दार बंद झालं नाही.

माणूस लागतोच, हा मुद्दा आम्ही मुद्दाम लावून धरतो. केरळनं शाळांमध्ये लिनक्स आणलं ते शिक्षकांच्या बळावर. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेला अभ्यासक्रम नको, असा आवाज तिथल्या शिक्षक संघटनेतून उठला आणि काही वर्षांत सरकारी शाळांतलं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर गेलं. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवलं. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं सांगितलं की दोन लाख कॉम्प्युटरमागं यामुळं सुमारे ३००० कोटी रुपये वाचले. एका कॉम्प्युटरला दीड लाखाचं सॉफ्टवेअर लागलं असतं असं धरलं तर हा आकडा येतो, म्हणून आम्ही तो जरा हात राखूनच घेतो. सगळं पूर्ण भावानं घेतलं कुणी असतं? पण शिक्षकांनी शिक्षकांना शिकवलं, ही गोष्ट आकड्यापेक्षा मोठी आहे.

मालकीचं सॉफ्टवेअर म्हणजे वाईट, असं आम्ही म्हणत नाही. आमचे सीए टॅलीवर काम करतात, तेही कंपनीच्या मालकीचंच आहे. ऑडिट त्यांच्याकडून होतं, ते वेळेत होतं, आणि आम्हाला हवी ती पानं एक्सेलमध्ये काढून मिळतात. ते आम्ही बदलणार नाही. उलट काही ओपन सोर्स असं असतं की लिहिणाऱ्यानं पाच वर्षांपूर्वी सोडून दिलंय आणि विचारायला माणूस नाही. मजकूर उघडा असून काय उपयोग, वाचणारंच कुणी नसेल तर?

आणखी एक गोष्ट मराठीची. आमच्या कपाटात महासंघाचे जुने अहवाल सीडीवर आहेत. पूर्वी मराठी फॉन्ट करणाऱ्या प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी असायची. तो फॉन्ट असेल तरच मराठी दिसायची, नाहीतर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. आमचे अहवाल तसेच दिसतात. युनिकोड ही सगळ्या भाषांना सामाईक पद्धत १९९१ मध्ये आली, देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती, पण आमच्या टायपिंगच्या दुकानापर्यंत यायला तिला पुष्कळ वर्षं लागली. आज तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठी पाठवता आणि समोरच्या कुठल्याही फोनवर ती तशीच दिसते, ती युनिकोडमुळं. म्हणजे सॉफ्टवेअर कुणाचं याच्या इतकंच, आत नोंद कोणत्या पद्धतीत ठेवली जाते हेही विचारायला हवं.

हे सगळं डोक्यात ठेवून आम्ही दोन्हीकडं तेच प्रश्न विचारले. आम्ही उद्या तुम्हाला सोडलं तर आमचा सगळा हिशोब, नावासकट, मराठीत, दुसरीकडं उघडेल अशा फाइलमध्ये मिळेल का, आणि त्याचे पैसे पडतील का? तुम्ही आम्हाला सोडलं तर काय? नोंदी कुठं ठेवणार आणि त्या बायकांच्या कर्जाची माहिती आणखी कुणाला दाखवणार? तिसऱ्या वर्षी एका गटामागं किती रुपये, ते कागदावर लिहून द्या.

कंपनीचा मुलगा बोलायला गोड होता. ॲप खरंच चांगलं आहे, मोबाइलवर पटकन नोंद होते, रेंज नसली तरी चालतं. हिशोब बाहेर काढण्याचं विचारल्यावर तो म्हणाला, ऑफिसला विचारून फोन करतो. तो फोन अजून आलेला नाही. ओपन सोर्सवाल्यानं, तालुक्याच्या गावचाच तो मुलगा, आमच्यासमोर खोट्या नोंदी भरल्या, एका बटणावर सगळी फाइल बाहेर काढली आणि आमच्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवली. पण त्याला विचारलं की तू इथं किती वर्षं आहेस, तर तो हसला. पुण्याला नोकरी बघतोय म्हणाला. खरं बोलला, हे बरं झालं.

म्हणून आता असं सुचलंय की निर्णय काहीही होवो, बारावी झालेल्या आपल्या दोन मुलींना आधी त्याच्याकडं शिकायला पाठवायचं, आणि त्या शिकेपर्यंत वहीत लिहिणं बंद करायचं नाही. अध्यक्षताईंना दुहेरी काम नको आहे. त्यांचंही खरं आहे, सचिवांवर आधीच किती ओझं असतं. मतदान पुढच्या महिन्याच्या बैठकीत आहे. तुमच्या महासंघात यातलं काही वापरून झालं असेल, चांगला अनुभव असो की वाईट, तर त्या आधी आम्हाला रेडिओच्या पत्त्यावर कळवा. बैठकीत ते वाचून दाखवू.

आणि तो जुना पेनड्राइव्ह मावशींनी टाकू दिलेला नाही. पासबुकांच्या पेटीत, कागदात गुंडाळून ठेवलाय.